तयार चुका

“तू कुठली चूक घेतलीस?”

“दुसरी. पहिली पुढच्या बाकांवरच्या सगळ्यांनी घेतलीय. बाईंना संशय येईल.”

नळावर पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या दोन मुली आपसात एवढंच बोलल्या. भिंतीच्या अलीकडे विज्ञानाच्या बाई खडूने माखलेले हात धुवायला थांबल्या होत्या. त्यांना आधी वाटलं, आपण भलतंच काहीतरी ऐकलं. मग एक मुलगी म्हणाली, “मला ती बर्फाच्या प्रयोगातली आवडते, लिहायला सोपी आहे. क्लासमधे सर म्हणाले, जरा अडखळत लिहा,” आणि बाटल्यांची झाकणं पिळत दोघी निघून गेल्या. बाईंनी नळ सोडला आणि खडू धुऊन गेला तरी सोडलेलाच ठेवला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ते त्यांना आजवर म्हणण्यापुरतंच ठाऊक होतं. आत्ता ती खरोखरच चढत होती, पोटऱ्यांतून, कमरेतून, आणि हात मात्र गार पाण्याखाली बधिर होत चालले होते. एरवी अंगात असं काही विचित्र घडलं की त्या वर्गात जाऊन मुलांना विचारायच्या, सांगा बघू, असं का होत असेल? आज ती सोय उरली नव्हती. विचारलं असतं तर मुलांनी हात वर करून एक सुबक, पटण्याजोगी चूक सांगितली असती, आणि बाईंनी नेहमीसारखं खूश होऊन वा म्हटलं असतं.

कारण चूक ही बाईंच्या वर्गात मानाची गोष्ट होती. ‘आधी सांगा, मग बघा’ असं त्या पद्धतीचं नाव, आणि ती बाईंनी दहा-बारा वर्षं खपून, प्रत्येक प्रयोग घासूनपुसून तयार केली होती. प्रयोग करण्याआधी प्रत्येक मुलाने काय होईल ते लिहायचं. मग प्रयोग करायचा. अंदाज चुकला तर आपलं डोकं नेमकं कुठे घसरलं ते स्वतःच्या शब्दांत उलगडायचं. बरोबर अंदाजाला दोन गुण, चुकीच्या उलगड्याला आठ. साऱ्या जगात बरोबरला गुण मिळतात, एका बाईंच्याच प्रयोगशाळेत ते चुकीला मिळायचे, आणि याचा बाईंना केवढा अभिमान. आज शेवटच्या तासाला शिक्षण खात्याची समिती येणार होती. समितीला वर्ग पसंत पडला की पुढच्या वर्षापासून सगळ्या शाळांमधून ‘आधी सांगा, मग बघा’ सुरू. हेडसरांनी सकाळपासून तीनदा येऊन प्रयोगशाळेतली धूळ बघितली होती. बाईंनी स्वतः अहवाल लिहिला होता आणि त्यात मुलांची वाक्यं घातली होती, त्यांच्या लाडक्या वाक्यांपैकी एक अगदी सुरुवातीलाच. ‘मला वाटलं की जड गोळा आधी पडेल, कारण जड वस्तू हातात धरली की ती आपल्याला जास्त ओढते, आणि मी माझ्या हाताचं ऐकलं.’ हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी माझ्या हाताचं ऐकलं! शिक्षकांच्या खोलीत त्यांनी ते दोनदा वाचून दाखवलं होतं, भूगोलाच्या सरांनी जांभई दिली तरी. आता कोरड्या फडक्याला हात पुसताना त्यांना आठवलं की हेच हाताचं ऐकणं मागच्या वर्षी दुसऱ्या तुकडीतही आलं होतं, आणि त्याच्या आदल्या वर्षी कुणीतरी हाताऐवजी मनगटाचं ऐकलं होतं. तेव्हा बाईंना वाटलं होतं, मुलं कशी सारखाच विचार करतात. समिती गेली खड्ड्यात, पण आपल्याला पोरांनी शेंडी लावली, आणि लावलेली शेंडी आपण मिरवली, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

प्रयोगशाळेत त्या दिव्यांची मांडणी करायला लागल्या. आज समितीसमोर दिव्यांचाच प्रयोग ठरला होता. एका तारेत दोन दिवे, कुठला जास्त उजळेल? मुलं लिहिणार, बॅटरीजवळचा, कारण वीज आधी तिथे पोचते आणि वाटेत खर्च होते. मग दोन्ही सारखे लागणार, मग उलगडा. तारेची टोकं सोलताना त्यांचा चिमटा दोनदा निसटला. रागाला वास असता तर तो या खोलीला होता तसाच असता, तापलेलं रबर, जुनं लाकूड आणि कधीतरी सांडलेलं आम्ल. असल्याच एका खोलीत, त्या स्वतः शाळेत असताना, लोलकाचा प्रयोग होता. दोऱ्याला गोळा बांधायचा, झोके मोजायचे, घड्याळ बघायचं आणि गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. पुस्तकात तो नऊ पॉइंट आठ होता. त्यांचा आला दहाच्याही वर. त्यांनी परत मोजलं, परत तेच. शेजारच्या टेबलांवर सगळ्यांचा नऊ पॉइंट आठ आला होता, कारण शेजारच्या टेबलांवर गोळा हललाच नव्हता. पोरी उत्तरापासून मागे मागे येत झोक्यांची वेळ काढत होत्या, आणि गोळे दोऱ्यांना शहाण्यासारखे लटकत होते. परीक्षकांनी त्या शाळकरी मुलीच्या वहीवर लाल रेघ मारली आणि म्हणाले, “निसर्ग चुकत नसतो, तू चुकलीस. शेजारणीचं बघ.” शेजारणीचं बघ! ती मुलगी तिथे रडली नाही. घरी जाऊनही नाही. तिने ठरवलं की मोठी झाल्यावर मी असा वर्ग करीन, जिथे कुणाला शेजारणीचं बघावं लागणार नाही. आणि केला की. मोठी झाली, वर्ग केला, आणि त्या वर्गातली पोरं आता उत्तरापासून मागे मागे येत चूक काढत होती. गोळे तसेच लटकलेले.

बाईंनी चिमटा टेबलावर आपटला आणि मधल्या सुटीत भावाला फोन लावला. क्लास म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाचाच. शाळेसमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, खिडकीत ‘विज्ञान समजून घ्या’ अशी पाटी. अर्ध्याहून जास्त वर्ग संध्याकाळी तिथे जायचा, आणि बाईंना त्याचं कौतुकच होतं, कारण भावाला विज्ञानाची गोडी लावली ती त्यांनीच.

“तू माझ्या मुलांना चुका शिकवतोस?” त्या एकदम म्हणाल्या.

“ताई, जेवतोय गं मी.”

“जेव. आणि सांग.”

पलीकडे घास गिळल्याचा आवाज आला. “शिकवतो म्हणजे काय, तू मागतेस त्या देतो. तू बरोबर उत्तरं मागितली असतीस तर ती दिली असती, बाकीच्या विषयांची देतोच आहे. तू चुका मागितल्यास. गिऱ्हाईक मागेल तो माल ठेवायचा, यात दुकानदाराचा काय दोष?”

“चोराच्या उलट्या बोंबा आहेत या. ती चूक त्यांची असायला हवी. त्यांच्या डोक्यातली.”

“त्यांच्या डोक्यातल्या चुका तू वाचल्यात कधी? ‘माहीत नाही म्हणून चुकलं’, ‘घाई झाली’. याला तू आठ देतेस का? सांग ना. एक-दोन देतेस. आठ देतेस त्या चुका वेगळ्या असतात ताई, त्यांना विचार असतो, वळण असतं. तशी चूक काही आपोआप होत नाही. एकेक बसवायला मला आठ-आठ दिवस लागलेत. हाताचं ऐकलं, ते माझं आहे.”

बाईंनी सोललेल्या तारेचं टोक बोटाला गुंडाळलं. भावाला वाटलं असावं, ताई निवळली. तो हसला, लहानपणी हसायचा तसा, नाकातून. “आणि तुला आज कळतंय होय? स्वयंपाकघरात तू मला विचारायचीस ना, आधी सांग, मग बघ. झाकण ठेवलं तर पाणी लवकर उकळेल की उशिरा? मला सगळं यायचं गं. तू एवढी समजावून सांगायचीस, मग येणार नाही तर काय? पण मी चुकलो की तू कशी खुलायचीस. मांडीवर घ्यायचीस, डोक्यावरून हात फिरवायचीस, म्हणायचीस, किती छान चुकलास रे. बरोबर आलं की म्हणायचीस, बरं, आता अभ्यासाला बस. मग मी मुद्दाम चुकायचो. अजून तेच करतोय म्हण की, फक्त आता फी घेतो.”

बाईंनी फोन ठेवला नाही, कानापासून दूर धरला. भाऊ पलीकडून ताई, ए ताई करत राहिला. ते स्वयंपाकघर त्यांना इतकं लख्ख दिसलं की पातेल्याचं काळं बूडही दिसलं. ओट्यावर पाय हलवत बसलेला तो, दोन बोटांनी ओठ चिमटीत धरून विचार करण्याचा आव आणणारा. आव. त्याच्या त्या चेहऱ्यावरच तर त्यांनी सगळं उभारलं होतं. पुढे शिक्षक झाल्यावर, भाषणांत, अहवालात, त्या नेहमी म्हणायच्या की चुकताना मुलाचा चेहरा उजळतो. उजळला होता तो बहिणीच्या मांडीसाठी. आणि याचा राग कुणावर काढायचा? सहा-सात वर्षांच्या पोरावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ. तरी त्यांना राग आला, त्या पोराचाच आला, आणि त्याहून जास्त या चाळिशीच्या माणसाचा, जो जेवता जेवता एवढं मोठं खोटं, मीठ मागावं तसं, सांगून मोकळा झाला. घंटा होईपर्यंत त्या हातात फोन घेऊन दिव्यांच्या तारांकडे बघत बसल्या.

आणि मग त्यांना शिडी आठवली. शिडी म्हणजे वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी. नाव पोरांनीच ठेवलं होतं आणि तिनेही ते बिनतक्रार घेतलं होतं. ती शेवटच्या बाकावर बसायची, कारण पुढे बसली की मागच्यांना फळा दिसायचा नाही. तिचे अंदाज बरोबर यायचे. चेंडूचा बरोबर, बर्फाचा बरोबर, सावलीचा बरोबर, आणि त्यामुळे दर वेळी दहापैकी दोन. चुकीच्या रकान्यात ती एक आडवी रेघ मारायची, पट्टी लावून. बाईंना त्या रेघेचा राग यायचा. त्यांना वाटायचं, ही पोरगी कुठूनतरी उत्तरं आधी वाचून येते, चुकायला घाबरते, गर्विष्ठ आहे. एकदा तिची आई भेटायला आली. दवाखान्यात नर्स होती, रात्रपाळी करून तशीच आली होती. म्हणाली, “बाई, तिचं सगळं बरोबर असतं असं ती म्हणते. मग ती नापास कशी? या गुणांवर तिला पुढे विज्ञान मिळणार नाही म्हणतात.” तेव्हा बाईंनी त्या थकलेल्या बाईला खुर्चीही न देता चुकण्याच्या महत्त्वावर मोठं प्रवचन दिलं होतं. जिला चुकता येत नाही तिला शिकता येत नाही, असलं काहीतरी. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाली, “माझ्या कामात चुकून चालत नाही, म्हणून विचारलं.” बाईंना ते उद्धट वाटलं होतं. तसंच त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सांगितलंही होतं.

शेवटच्या तासाला समिती आली. तिघं होते, पण बोलणारे अध्यक्ष एकटेच, गोड आवाजाचे, प्रत्येक वाक्याला मान डोलावणारे. त्यांच्या मागे हेडसर हात चोळत उभे. मुलं उठली, बसली, आणि बाईंनी पाहिलं की सगळ्यांनी पेन्सिली आधीच टोकदार करून ठेवल्या होत्या. दिव्यांवरची चूक वर्गभर तयार होती. ती त्यांच्या गालांत भरलेली दिसत होती. बाईंनी दिव्यांचा खोका उचलला आणि कपाटात ठेवून दिला. हेडसर जवळ येऊन कुजबुजले, “अहो, दिव्यांचं ठरलं होतं ना?” बाई म्हणाल्या, “दिवे राहू देत, सर.” मग त्यांनी लांब फळी ओढली, एक टोक दोन स्टुलांवर चढवलं, पुढच्या बाकावरच्या दोन मुलींच्या पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि एकीतलं अर्धं पाणी बेसिनमधे ओतून दिलं. दोन्ही बाटल्या फळीच्या वरच्या टोकाला आडव्या ठेवल्या आणि दोन हातांनी धरून ठेवल्या.

“एक भरलेली, एक अर्धी. दोन्ही एकदम सोडल्या तर खाली आधी कुठली पोचेल? आधी सांगा, मग बघू. आणि एक सांगून ठेवते, हा प्रयोग मी कधी केलेला नाही. उत्तर मला माहीत नाही.”

कुणीच लिहिलं नाही. पेन्सिली कागदाच्या वर थांबल्या. मुलं एकमेकांकडे बघत होती, मग फळीकडे, मग बाईंच्या तोंडाकडे, तिथे काही सापडतंय का म्हणून. समितीतल्या एकाने घड्याळ बघितलं. पुढच्या बाकावरचा एक मुलगा, वर्गातला हुशार, हात वर करून म्हणाला, “बाई, बरोबर कुठलं ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.”

“का रे?”

“मग दुसरं लिहिलं असतं.”

अध्यक्ष मोकळेपणाने हसले. त्यांना पोरगा हजरजबाबी वाटला. हेडसरही हसले, हसायचं असतं म्हणून. बाईंच्या हातांतल्या बाटल्या घामाने निसटू लागल्या, तशा त्यांनी त्या घट्ट धरल्या. एवढी पोरं समोर बसली होती, आणि त्यातल्या एकालाही साधं चुकता येत नव्हतं. चुकायला यांना आधी बरोबर लागत होतं. या पोरांना कुणीतरी इतकं घाबरवलं होतं की त्यांनी खोटं चुकायची शिकवणी लावली होती, आणि ते कुणीतरी दुसरं कुणी नव्हतं.

फक्त शेवटच्या बाकावर शिडी लिहीत होती. अध्यक्ष हळूहळू चालत तिच्यापाशी गेले, तिचा कागद उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. “‘माहीत नाही. भरलेली जड आहे, पण अर्धीतलं पाणी आत हलेल. ते हलणं तिला पुढे ढकलेल की मागे धरेल, हे मला ठरवता येत नाही. करून बघू या.’ वा. आता मला सांगा मॅडम, तुमच्या पद्धतीत याला किती गुण?”

त्यांनी ते खरोखर कुतूहलाने विचारलं होतं. बाईंनी मनातल्या मनात रकाने भरले. अंदाज नाही, म्हणजे ते दोन गेले. अंदाज नाही म्हणून चूक नाही, म्हणजे ते आठही गेले.

“शून्य,” बाई म्हणाल्या. “दहापैकी शून्य. या वर्गात आज एवढी एकच गोष्ट खरी लिहिली गेली, आणि माझ्या पद्धतीत तिला शून्य आहे. म्हणून ही पद्धत तुम्ही कुठल्याही शाळेत नेऊ नका. माझी पोरं चुका विकत आणतात. तुम्ही नेलीत तर गावोगावची आणतील.”

हेडसरांनी खोकून बघितलं. अध्यक्ष मान डोलावत म्हणाले, “अहो मॅडम, हा तुमचा मोठेपणा झाला. पण एवढ्या-तेवढ्यासाठी चांगली गोष्ट कशाला टाकायची? दुरुस्ती करू की. ‘माहीत नाही’चाही एक रकाना घालू. त्याला, काय म्हणता, पाच गुण देऊ.”

बाईंना लगेच दिसलं. महिन्याभरात समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, भाऊ फळ्यावर ‘माहीत नाही’ तीन तऱ्हांनी लिहून देतोय, आणि म्हणतोय, जरा अडखळत लिहा. त्यांना ओरडावंसं वाटलं. ज्याला हे समजत नाही त्याला ते कुठल्या रकान्यात समजावून सांगायचं? त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात शेवटचं बाक करकरलं. शिडी उभी राहिली होती. तिला एवढंच कळलं होतं की आपल्या कागदावरून काहीतरी बिनसलंय, आणि बाईंचं नुकसान होतंय.

“बाई,” ती हळू आवाजात म्हणाली, “मी लिहू का एखादी चूक? मला येतात सगळ्या. मी पण जाते क्लासला.”

येतात सगळ्या. म्हणजे वर्षभर त्या तिच्या खिशात होत्या. वर्षभर ती आठ गुणांवर हात ठेवून बसली होती, आणि दर वेळी पट्टी लावून रेघ मारत होती.

“नको,” बाई म्हणाल्या. पण सकाळपासूनचा सगळा राग त्या एका शब्दात गेला, भावाचा, हेडसरांचा, त्या लाल रेघेचा, स्वतःचा, आणि तो जाऊन आदळला त्या पोरीवर. ती दचकून खाली बसली. रागावलेल्या माणसाचं मुलांना जे कळतं तेच तिला कळलं. तिने अध्यक्षांच्या हातून कागद मागून घेतला, रबर काढलं आणि ‘माहीत नाही’ खोडायला लागली.

बाईंचे दोन्ही हात बाटल्यांवर होते. क्षणभर त्यांना काय सोडावं ते सुचेना. मग त्यांनी दोन्ही बाटल्या सोडल्या आणि बाकांमधून धावल्या. कुणाची वही पडली, कुणाचा पाय आला, त्यांनी शेवटच्या बाकाशी जाऊन त्या पोरीचं मनगट धरलं. रबर थांबलं. मागे फळी खडखडली आणि भिंतीवर एकापाठोपाठ एक दोन ठोके पडले, पण सगळा वर्ग, समिती, हेडसर, सगळे वळून बाईंच्या तोंडाकडे बघत होते, आता काय बरोबर धरायचं ते तिथे लिहिलेलं असावं तसे. शिडी तेवढी त्यांच्या खांद्यावरून मागे फळीकडे बघत होती. मग तिने मनगट सोडवून घेतलं. तिच्या आवाजात बाईंनी आजवर न ऐकलेला राग होता.

“बाई,” ती म्हणाली, “तुम्ही बघितलंच नाहीत.”